पट्टीखालची फुंक

१९५४ साली ‘नागिन’ चित्रपट आला आणि त्यातली बीनेची धून गावोगावच्या बँडवाल्यांनी उचलली ती कायमचीच. वरातीत ती सुरू झाली की आजही एखादा जण रुमालाचं टोक दातांत धरून गारुडी होतो आणि त्याच्यासमोर दुसरा कुणी भर रस्त्यात लोळून नाग होतो. गारुड्याच्या पुंगीचा आवाज म्हणजे हाच, असं दोन-तीन पिढ्यांच्या कानांनी धरून ठेवलं आहे. त्या धुनीत पुंगी मात्र नाही. संगीतकार हेमंतकुमार यांचे तेव्हाचे सहायक कल्याणजी वीरजी शाह यांनी ती क्लाव्हियोलिनवर वाजवली. जोडीला रवी यांची हार्मोनियम होती. क्लाव्हियोलिन म्हणजे कॉन्स्टन्ट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ च्या सुमारास तयार केलेलं विजेवर चालणारं छोटं वाद्य. पेटीसारख्या पट्ट्या, एका वेळी एकच स्वर, आणि आवाज लहान-मोठा करायला खालच्या बाजूला गुडघ्याने ढकलायची एक दांडी.

त्या दांडीत या पुस्तकाच्या विषयाचं बीज आहे. बोटं स्वर निवडत होती आणि गुडघा त्या स्वराला श्वास देत होता.

आता पुंगीची रचना आठवून पाहावी. फुंक जाते भोपळ्यात. पत्त्या भोपळ्याच्या आत, नळ्यांना बसवलेल्या. एक नळी सूर धरते, दुसरी धून वाजवते. गारुड्याचे ओठ पत्तीला कधी लागतच नाहीत. गालात हवा साठवून तो नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे आवाजात खंडही पडत नाही. म्हणजे पुंगी सुषिर वाद्य असली तरी फुंकेच्या चढउतारांना तिच्यात जागा थोडी. बहुतेक कारागिरी बोटांची. बोटांची कारागिरी पट्टीवर नेता येते. १९५४ साली एका साध्या यंत्राला पुंगीचं सोंग वठवता आलं, त्यात कल्याणजींच्या हाताइतकाच या रचनेचाही वाटा होता. बासरी, सनई, क्लॅरिनेट, ट्रम्पेट यांच्या वाटेला गेलं की हाच मार्ग बंद होतो. तिथे ओठ, जीभ, गाल, पोट सगळं स्वराला चिकटलेलं असतं. ते सुटं कसं करायचं आणि पट्टीखाली कसं बसवायचं, या एका प्रश्नामागे गेली साठ-सत्तर वर्षं अभियंते, वादक आणि संगीतकार लागले आहेत. पुढच्या पानांचा विषय तो आहे.

आज हा प्रश्न मोठ्या स्टुडिओपुरता राहिलेला नाही. पुण्यात किंवा डोंबिवलीत घराच्या एका खोलीत मालिकेचं पार्श्वसंगीत करणाऱ्या अरेंजरकडे एक संगणक, दोन स्पीकर आणि एक कीबोर्ड असतो. त्या संगणकात बासरी असते, सनई असते, ओबो आणि फ्रेंच हॉर्नही असतात. ही वाद्यं म्हणजे सॅम्पल. कुणा खऱ्या वादकाला शांत खोलीत बसवून त्याच्याकडून प्रत्येक स्वर हळू, मध्यम, जोरात असा वाजवून घेतलेला असतो; जिभेने तोडलेला वेगळा, लांबवलेला वेगळा. पट्टी दाबली की त्या ध्वनिमुद्रणांपैकी योग्य ते उचललं जातं. म्हणजे ऐकू येतो तो आवाज खऱ्या माणसाचाच, खऱ्या वेळूचाच. तरीही सामान्य श्रोता दोन सेकंदांत सांगतो, “ही कीबोर्डची बासरी आहे.” त्याला संगीताचं शिक्षण नसतं, यंत्राची माहिती नसते. कान मात्र चुकत नाही.

हे का होतं, ते तबल्याशेजारी बासरी ठेवली की उमगतं. तबल्यावर बोट पडलं आणि उठलं, की त्या बोलाचं बरंचसं भवितव्य ठरून जातं; पियानोचा हातोडा तारेवर आपटून मागे आला, की वादकाच्या हातात पट्टी किती वेळ दाबून धरायची एवढंच उरतं. निर्णय एका क्षणाचा असतो. संगणक आणि कीबोर्ड यांच्यात चालणारी मिडी नावाची भाषा १९८३ साली आली, ती याच समजुतीवर उभी आहे: कोणती पट्टी दाबली आणि किती वेगाने दाबली. वेगाला १ ते १२७ यांतला एक आकडा मिळतो. पियानोला तो बऱ्यापैकी पुरतो. बासरीचा स्वर जन्मल्यापासून संपेपर्यंत वादकाच्या ताब्यात असतो. तो वाढतो, ओसरतो, थरथरतो, कोरडा होतो, एखाद्या क्षणी त्यात नुसती हवा उरते. जोराने फुंकलं तर बासरीचा सूर किंचित वरही सरकतो आणि वादक तो ओठाने खाली आणत राहतो. स्वर सुरू झाला तेव्हाचा एक आकडा या सगळ्याची हकिकत सांगू शकत नाही.

ध्वनिशास्त्राला हे उमगलं ते ट्रम्पेटमुळे. जाँ-क्लोद रिसे हा फ्रेंच संगीतकार आणि पदार्थवैज्ञानिक १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांच्याकडे काम करत होता. पाठ्यपुस्तकांत तेव्हा लिहिलेलं असे, की प्रत्येक वाद्याच्या स्वरात मूळ कंपनं आणि वरची कंपनं यांचं एक ठरलेलं प्रमाण असतं आणि त्यावरूनच वाद्य ओळखू येतं. त्या प्रमाणात संगणकाकडून स्वर तयार करून घेतला, तर तो पितळी वाजेना. रिसेने खऱ्या ट्रम्पेटचे स्वर क्षणाक्षणाने उलगडून पाहिले. प्रमाण ठरलेलं नव्हतंच. स्वर उमटताना खालची कंपनं आधी येत होती, वरची मागाहून. आणि वादक जोर वाढवी तसा वरच्या कंपनांचा वाटा वाढत होता. ट्रम्पेट मोठ्याने वाजतो तेव्हा तो मोठा होतोच, शिवाय उजळतो. हा एक नियम संगणकाला दिला आणि स्वर पितळी झाला. पुढे १९९६ साली हिर्शबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॉम्बोनवर प्रयोग करून दाखवलं, की फार जोरात फुंकल्यावर नळीतल्या हवेची लाट पुढच्या बाजूने इतकी उभी होत जाते, की बाहेर पडेपर्यंत तिचा आघात-तरंग बनतो. ट्रॉम्बोनच्या कडाडण्यामागचं कारण ते.

सुरुवातीच्या क्षणाचंही तसंच. १९६४ साली साल्दान्या आणि कोर्सो या दोघांनी वाद्यांच्या ध्वनिमुद्रणांतला स्वराचा आरंभ काढून टाकून ते तुकडे लोकांना ऐकवले. श्रोत्यांची वाद्य ओळखण्याची क्षमता लक्षणीय घसरली. जीभ सुटतानाचा तो बारीक ‘त’, हवा काठावर आदळून स्वर धरेपर्यंतची ती चाचपडणारी फसफस, यांतच बासरीची ओळख दडलेली असते. यंत्र बनवणारे जो भाग स्वच्छ करायला जातात, नेमका तोच भाग कानाला हवा असतो.

या शोधाचा एक पूर्वज मात्र संगणकापेक्षा कितीतरी जुना आहे. १७३८ साली पॅरिसमध्ये झाक द व्होकान्सन याने विज्ञान अकादमीपुढे माणसाएवढा एक बासरीवादक ठेवला. लाकडी माणूस, हातात खरी आडवी बासरी. तो बारा धुना वाजवी, आणि आत लपवलेली एखादी संगीतपेटी नव्हती. आवाज त्या बासरीतूनच येई. आत नऊ भाते होते, तीन गटांत विभागलेले, तीन वेगवेगळ्या दाबांची हवा देणारे. ओठ उघडत, मिटत, पुढे-मागे सरकत. तोंडात धातूची जीभ हवा अडवी आणि सोडी. लाकडी बोटं छिद्रांवर नीट बसेनात म्हणून त्यांवर कातडं चढवलं होतं. तो पुतळा आज हरवला आहे, पण व्होकान्सनचा टिपणवजा ग्रंथ उरला आहे, आणि तो वाचताना नवल वाटतं. खरी बासरी हातात असूनही या माणसाचा सगळा जीव दाब, ओठ आणि जीभ यांत गुंतलेला होता. आवाज मिळवणं हे काम त्याने बासरीवर सोपवलं आणि स्वतः फुंक बांधायला बसला. नंतरच्या दोन शतकांत बऱ्याच जणांनी उलट्या टोकापासून सुरुवात केली, आणि त्याची किंमत मोजली.

उलटं टोक म्हणजे आवाज आधी पकडायचा. त्याचं पहिलं गाजलेलं उदाहरण मेलोट्रॉन. अमेरिकेत हॅरी चेंबरलिन यांनी केलेल्या वाद्याची कल्पना इंग्लंडमध्ये पोहोचली आणि १९६३ साली बर्मिंगहममध्ये मेलोट्रॉन तयार झाला. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपची एक स्वतंत्र पट्टी. पट्टी दाबली की टेप सरकते, सोडली की स्प्रिंगने परत जाते. ‘बीटल्स’च्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ची १९६७ सालची ती बासऱ्यांची सुरुवात पॉल मॅकार्टनी यांनी मेलोट्रॉनवर वाजवलेली आहे. ती आजही जिवंत वाटते, आणि त्यामागे यंत्राचा दोष आहे. टेप फक्त आठेक सेकंदांची असे. पट्टी कितीही दाबून धरली तरी आठ सेकंदांनी आवाज बंद. वाजवणाऱ्याला वाक्य तेवढ्यात संपवावंच लागे, म्हणजे नकळत त्याला छाती मिळाली. पुढे सॅम्पलरने स्वराचा तुकडा गोल फिरवून तो अमर्याद लांबवण्याची सोय केली, आणि ज्याचा दम कधीच संपत नाही असा बासरीवादक जन्माला आला.

१९८४ सालच्या ‘इम्युलेटर टू’ या सॅम्पलरसोबत शाकुहाची या जपानी बांबूच्या बासरीचा एक स्वर येई. हवेचा फूत्कार, मग स्वर, मग त्याचं किंचित डगमगणं. पीटर गॅब्रिएल यांच्या ‘स्लेजहॅमर’ या १९८६ सालच्या गाण्याची सुरुवात त्याच स्वराने होते. मग तो स्वर सगळीकडे ऐकू येऊ लागला, आणि तिथे त्याचं मर्म उघडं पडलं. कितीही वेळा दाबा, फूत्कार तोच, डगमगणंही तेच. भावना खरी होती, पण ती कुणा वादकाने एका दुपारी एकदाच व्यक्त केलेली होती. दुसऱ्या माणसाला ती उसनी घेता येई, बदलता येत नसे. वास्तवता आणि अभिव्यक्ती या दोन गोष्टी एकच नाहीत, हे त्या एका स्वराइतकं स्पष्ट कशानेच दाखवलं नाही. ध्वनिमुद्रण जितकं भावपूर्ण, तितका तो भाव ठरून गेलेला.

मग उपाय म्हणून मुद्रणांची संख्या वाढवली गेली. व्हिएन्नामध्ये हर्ब टुक्मांडल या चेलोवादकाने २००० साली व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररी सुरू केली, तेव्हा त्याने एक वेगळी गोष्ट मुद्रित करायला घेतली: दोन स्वरांमधली वाट. सा वाजवून फुंक न तोडता ग वर गेलं, तर मध्ये जे घडतं ते ना सा असतं ना ग. तेवढा तुकडाच मुद्रित करायचा आणि पट्ट्या एकापाठोपाठ दाबल्या की तो मध्ये घालायचा. हिशेब करून पाहावा. पाश्चात्त्य बासरीची तीन सप्तकं म्हणजे ३७ स्वर. त्यांतल्या प्रत्येकावरून एका सप्तकापर्यंतच्या अंतरावर चढायच्या आणि उतरायच्या वाटा मोजल्या तर ७३२ भरतात. मंद, मध्यम, जोरकस अशा तीन पातळ्या धरल्या तर २,१९६. एका वादकाने, बसण्याची जागा न बदलता, ओठ थकू न देता त्या वाजवायच्या. या कष्टांना दाद दिलीच पाहिजे. त्या लायब्ऱ्यांमुळे चित्रपट आणि मालिकांच्या संगीताचा ऐकू येणारा दर्जा खरोखर बदलला. पट्टीवरून पट्टीवर उडी मारणारी बासरी प्रथमच पायऱ्या उतरू लागली.

एक गाठ तरी सुटली नाही. स्वर चालू असताना आवाज वाढवायचा, तर मंद मुद्रण मागे नेत जोरकस मुद्रण पुढे आणायचं, असा साधा मार्ग असतो. व्हायोलिनच्या तीस जणांच्या ताफ्यात ते खपून जातं. एकट्या बासरीत मधल्या क्षणी दोन मुद्रणं एकत्र वाजतात आणि दोन बासऱ्या ऐकू येतात. दोघांच्या लाटा एकमेकींना कधी खातात, कधी फुगवतात. आवाजाला एक घोगरा, पाण्याखालचा रंग चढतो. लायब्ररी कितीही महागडी असली तरी एकल फुंकवाद्याची परीक्षा इथे होते. नवं वाद्य विकत घेण्याआधी एक लांब स्वर धरून तो शून्यातून वाढवत नेऊन पुन्हा शून्यावर आणून पाहावा. जाहिरातीतल्या धुनीपेक्षा तो एक स्वर जास्त सांगतो.

या गाठीवर काही मंडळींनी घेतलेली मेहनत विशेष आहे. जॉर्जो तोम्मासिनी आणि पीटर सिडलाचेक यांच्या ‘सॅम्पल मॉडेलिंग’ने ट्रम्पेट, सॅक्सोफोन यांच्या थोड्या मुद्रणांतली कंपनं एकमेकांशी अशी जुळवून घेतली, की एका पातळीवरून दुसरीवर जाताना लाटा भांडत नाहीत आणि कानाला एकच वादक ऐकू येतो. ‘ऑडिओ मॉडेलिंग’च्या ‘स्वॅम’ मालिकेतल्या फुंकवाद्यांनी नळीतल्या हवेचं गणित आणखी पुढे आणलं. हे गणित जुनं आहे. स्टॅनफर्डमध्ये ज्युलियस स्मिथ यांनी १९८० च्या दशकात नळीत ये-जा करणाऱ्या लाटेला संगणकात स्वस्तात फिरवण्याची रीत बसवली, आणि तिच्या आधारे यामाहाने १९९४ साली ‘व्हीएल वन’ हे वाद्य आणलं. त्यात एकही मुद्रण नव्हतं; होतं ते पत्ती, ओठ आणि नळी यांचं समीकरण. ते महाग होतं, एका वेळी जेमतेम दोन स्वर देई आणि वाजवायला अवघड. ओठाचा दाब चुकला तर खऱ्या वाद्यासारखं तेही किंचाळे. विक्रीच्या दृष्टीने तो अडथळा असेल, पण खऱ्या वाद्याच्या सगळ्यात जवळ ते यंत्र याच गुणामुळे गेलं. ज्या वाद्यावर चूक करता येत नाही, त्यावर बरोबर वाजवण्यालाही फारसा अर्थ उरत नाही.

इथे प्रश्न आवाजाकडून हाताकडे वळतो, किंवा तोंडाकडे. मिडीच्या भाषेत चालू स्वरावर सतत पाठवायच्या संदेशांसाठी क्रमांक ठरवलेले आहेत, आणि त्यांतला दुसरा क्रमांक फुंकेसाठी राखून ठेवलेला आहे. पहिला मॉड व्हील या कीबोर्डवरच्या चाकाचा, दुसरा श्वासाचा. यामाहाच्या १९८३ सालच्या ‘डीएक्स सेव्हन’ कीबोर्डला तोंडात धरायची एक छोटी फुंकनळी जोडता येई. त्याआधीच्या दशकात बिल बर्नार्डी यांनी लिरिकॉन हे विजेवरचं फुंकवाद्य केलं होतं; मायकल जॅक्सनच्या ‘बिली जीन’मध्ये टॉम स्कॉट यांनी ते वाजवलं आहे. नाइल स्टायनर हे स्वतः ट्रम्पेटवादक. त्यांच्या शोधातून १९८७ साली अकाईचं ‘ईवी’ बाजारात आलं, आणि मायकल ब्रेकरसारख्या सॅक्सोफोनवादकाने ते जाझच्या मंचावर नेलं. या साऱ्यांनी दाखवलं, की सामान्य दर्जाचा आवाज चांगल्या फुंकेखाली जिवंत होतो आणि उत्तम ध्वनिमुद्रण नुसत्या बोटांखाली निर्जीव पडतं. तरीही बहुसंख्य घरगुती स्टुडिओंत उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा मॉड व्हीलवर, एवढीच सामग्री असते. तीही कमी नाही. कल्याणजींकडे गुडघाच होता.

आपल्या वाद्यांकडे आलं, की हा सगळा हिशेब तोकडा पडतो. बांबूच्या बासरीला सहा-सात छिद्रं, एकही चावी नाही. कोमल स्वर अर्ध्या छिद्रावर, आणि मींड म्हणजे बोटाचं पेर छिद्रावरून कणाकणाने सरकवणं. पन्नालाल घोष यांनी लांब, खर्जाच्या बासऱ्या घडवून तिला ख्यालाचा विस्तार पेलायला लावला, त्यानंतर तर मींड हाच या वाद्याचा आत्मा झाला. व्हिएन्नाच्या पद्धतीने दोन स्वरांमधली वाट मुद्रित करता येते, कारण तिथे वाट एकच आहे. यमनमध्ये नी वरून रे वर जाणारी मींड तानेत झटकन जाते, आलापात तीन सेकंद घेते, मध्येच सा ला हलकेच शिवते किंवा त्याला टाळून जाते. त्या वाटा मोजता येत नाहीत. शिवाय छिद्र अर्धवट उघडलेलं असताना आवाजाचा रंगच बदलतो, तो झाकोळतो. कीबोर्डच्या पिच बेंडच्या चाकाने सूर सरकतो, रंग तसाच राहतो. म्हणून ती मींड टेप हळू झाल्यासारखी वाटते. भैरवातला आंदोलित कोमल ऋषभ चाकावर काढून पाहणाऱ्याला हे पहिल्याच झोक्यात कळतं. सनईत तर पत्ती ओठांतच असते, आणि सूर बोटाइतकाच ओठाच्या दाबाने हलतो. सोलापूरच्या जाधव घराण्याने मैफलीत आणलेली इवलीशी सुंदरी ऐकली, की एवढ्याशा नळीतून निघणारी गमक पट्ट्यांवर कशी मांडायची या विचारानेच प्रोग्रामर थबकेल.

भारतीय वाद्यांच्या बऱ्याच लायब्ऱ्या तयार तुकड्यांनी भरलेल्या असतात, त्याचं कारण हे. स्वर मांडता येत नाही म्हणून वाक्य देऊन टाकलेलं असतं. मालिकांमध्ये सकाळच्या दृश्यावर तीच बासरी आणि लग्नाच्या दृश्यावर तीच सनई वारंवार ऐकू येते, ती या कोठारातून. वेळ आणि पैसे यांच्या कचाट्यात सापडलेल्या अरेंजरला दोष देणं अन्यायाचं होईल. पण तुकडा उचलला की राग, लय आणि प्रसंग यांना वाद्याने वाकायचं सोडून प्रसंगच तुकड्याला वाकू लागतो, हेही तितकंच खरं आहे.

पट्ट्यांवर मींड निघत नाही, हा वाद मराठी कानांना नवा नाही. याच आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० पासून जवळपास तीन दशकं हार्मोनियमला दार बंद ठेवलं होतं. त्याच काळात आणि त्याआधीही गोविंदराव टेंबे, पी. मधुकर यांच्यासारखे वादक पेटीतून असं काही काढत होते, की ऐकणाऱ्याला स्वर घसरत गेल्याचा भास व्हावा. एक पट्टी पूर्ण न सोडता दुसरी धरायची, मधल्या स्वराचा कण निसटता लावायचा आणि नेमक्या त्या क्षणी भात्याचा दाब सैल करायचा. सूर एका पायरीवरून दुसरीवर उडीच मारतो. कान ती उडी मींड समजून घेतो. आजचा प्रोग्रामर संगणकावर रेषा ओढून जे करू पाहतो, त्याची शाळा मराठी संगीत नाटकाच्या पेटीवाल्यांनी केव्हाच चालवली होती. पेटीच्या भात्यावरचा डावा हात आणि मॉड व्हीलवरचा डावा हात एकच काम करतात. पुढच्या काही प्रकरणांमध्ये हा संबंध उलगडून दाखवला आहे, आणि पेटी शिकलेल्या तरुण अरेंजरांना त्याचा उपयोग इतरांपेक्षा लवकर होईल.

एक गोष्ट इथे नोंदवली नाही, तर ही प्रस्तावना अपुरी राहील. पट्टीखाली बसवलेली फुंक कुणाच्या तरी छातीतून आलेली असते, आणि ती पट्टीखाली गेल्यावर त्या छातीला काम उरत नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा पितळी आवाज मोठ्या प्रमाणात गोव्याच्या माणसांनी घडवला. चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मंडळी ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन घेऊन मुंबईला आली. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले अँटोनिओ झेवियर वाझ यांचा ट्रम्पेट आणि सी. रामचंद्र यांच्या चाली यांची भेट त्यातूनच झाली. पुढे राहुलदेव बर्मन यांच्याकडे मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आला. १९८० आणि ९० च्या दशकांत सिंथेसायझर, सॅम्पलर आणि एकेक वाद्य वेगळं मुद्रित करण्याची सोय आली, तसे स्टुडिओंतले मोठे ताफे पांगले. गोव्यात तियात्राच्या रंगमंचापुढे मात्र ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन घेतलेला बँड अजूनही बसतो, नटाच्या शब्दावर नजर ठेवून. गाणारा एक ओळ लांबवतो आणि ट्रम्पेटवाला न सांगता थांबतो. संगणकातल्या ट्रम्पेटला ते ऐकू येत नाही.

म्हणून अनुभवी अरेंजर एक मधला मार्ग धरतात. मागचा समूह संगणकातला आणि पुढची एकच बासरी किंवा सनई जिवंत वादकाची. एका खऱ्या श्वासामुळे मागची सगळी सोंगं खरी वाटू लागतात. पैसे नसतील तेव्हाही निदान धून लिहिताना श्वासाची जागा सोडता येते. कीबोर्डवर रचलेल्या बासरीत तीस-तीस सेकंद खंड पडत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या छातीत नकळत अवघडल्यासारखं होतं. त्याला कारण सांगता येत नाही, तो फक्त म्हणतो की काहीतरी खोटं वाटतंय. वाक्य आधी स्वतः गुणगुणावं, जिथे आपला श्वास तुटतो तिथे पट्टी सोडावी, श्वासानंतरचा पहिला स्वर थोडा ताजा, थोडा जोरकस ठेवावा. थरथर स्वराच्या पहिल्या क्षणापासून लावू नये. खरा वादक स्वर आधी सरळ उभा करतो आणि मग त्याला हलवतो. चढत्या वाक्यात फुंक वाढते, लांब स्वराच्या शेवटी सूर किंचित उतरू पाहतो.

पुस्तकाचं पहिलं प्रकरण एका स्वराचं आहे. मध्य सप्तकातला पंचम, आठ सेकंद, मेलोट्रॉनच्या टेपएवढा. उजव्या हाताने पट्टी दाबून धरायची, डाव्या हाताने चाक किंवा तोंडाने फुंकनळी, आणि स्वर शून्यातून उमटवून, वाढवून, पुन्हा शून्यात नेऊन सोडायचा. मग तोच स्वर जवळच्या कुणा बासरीवाल्याकडून ऐकायचा, त्याच्या छातीकडे बघत. मग पुन्हा पट्टीवर यायचं. षड्जावर जाणारी पहिली मींड त्यानंतर, चौथ्या प्रकरणात.